एक महिना कमी

१४ मार्च १९६७, मंगळवार

इंदूला दिवस गेले आहेत. कोणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहिते.

आज नागपूरहून अकोल्याला परतताना त्यांची गाडी बडनेऱ्याला वीस मिनिटं थांबली. इंदू, तिची सासू सुंदराबाई आणि सासरे शेषराव. मी ड्यूटीवरच होते, जनाना वेटिंगरूममधून धावत फलाटावर गेले. व्याही चहाला उतरले. विहीणबाई फिरकीचा तांब्या घेऊन नळावर गेल्या. तेवढ्यात इंदू खिडकीतून म्हणाली, "माय, डिसेंबरच्या चौदा तारखेपासून मी बाहेर बसली नाही."

आधी आनंद झाला. मग नागपूरची गोष्ट ऐकली.

जावई देवमनराव मागच्या महिन्यात, चार फेब्रुवारीला कॅनडाला गेले. तिथल्या कारखान्यात टर्नर आहेत. आता बायको म्हणून इंदूला बोलावून घ्यायचा अर्ज केला आहे. त्यासाठीच काल नागपुरात डॉक्टरची तपासणी होती. तिकडच्या कचेरीनं नेमलेला डॉक्टर. छातीचा फोटो काढायच्या आधी त्यानं छापील कागद पुढे ठेवला. शेषराव एकेक प्रश्न वाचून इंदूला मराठीत सांगत होते. क्षय आहे काय. वेड आहे काय. मग एका ओळीशी आले आणि नुसतेच खोकले. गरोदर आहात काय, अशी ती ओळ! सासरा सुनेला विचारणार कसा?

सुंदराबाई दारातूनच म्हणाल्या, "नाही म्हना जी, नाही लिवा."

इंदू खाली बघत राहिली. 'नाही'वर खूण झाली. फोटो निघाला.

मी म्हटलं, अगं, खरं काहून नाही सांगितलं?

"आत्याबाई म्हनते, तिसरा सरल्याबिगर तोंडातून काढायचं नाही. अन् मामाजी समोर उभे!"

तिसरा आज सरतो. एका दिवसानं चुकलं.


१५ मार्च

रात्रपाळी नव्हती तरी झोप नाही. वेटिंगरूमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून मोजलं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा.

मोजायची मला गरजही नाही खरं तर. सहा वर्षं होत आली या नोकरीला. निम्म्या बायका बाळंतपणाला माहेरी जायला निघालेल्या, नाहीतर लेकरू घेऊन परत चाललेल्या. बाकावर बसताना बाई हात कुठे टेकते त्यावरून मी महिना सांगते. आजवर चुकले नाही. झाडूवाली गोदाबाई म्हणते, "चतुराबाई, तुमी दवाखान्यातच जाले पायजे होतं, इथं संडास काहून झाडून राहिल्या?"


९ एप्रिल, रविवार

अकोल्याला जाऊन आले. चोरओटी होती.

बौद्ध दीक्षा घेतल्यापासून शेषरावांच्या घरी ओटी-बिटी काही चालत नाही. ते शाळामास्तर होते, शब्दाचे पक्के. पण सुंदराबाई तशा ऐकणाऱ्या नाहीत. व्याही सभेला गेले तसं स्वयंपाकघराचं दार लावलं आणि इंदूची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खारीक, हळकुंड. मला म्हणाल्या, "इहीणबाई, हे काही देवाचं नाही. हे बायकाचं आहे."

व्याही आले. नाकानं वास घेतला. "आज नारळ फोडला काय कोनं?"

"चटनी केली," सुंदराबाई म्हणाल्या. ते हसले. त्यांना सगळं समजतं, असं मला वाटलं.

पण एक ऐकून मी चाट पडले. शेजारणीनं किती झाले विचारलं तर सुंदराबाई म्हणाल्या, तिसरा सरत आला. खरं तर चौथा सरत आला आहे! बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाल्या, "एक महिना कमी सांगायचा असते. खरा महिना लोकाले समजला का नजर लागते. माह्या सासूनं असंच केलं, मी असंच केलं. पाच जनमले, पाची जगले."

तिथल्या दवाखान्याच्या कार्डावरही चौदा डिसेंबरच्या जागी चौदा जानेवारी लिहून घेतलं आहे. म्हटलं, डॉक्टरची कुठं नजर लागते? तर म्हणाल्या, "डॉक्टरले काय डोये नसते?"

पाच जगले हे खरं आहे.


२ मे

इंदूचं पत्र. बंद पाकीट. आतल्या एका गोष्टीसाठी बंद.

देवमनरावांनी मार्चमध्ये तिला लिहिलं होतं — इथं बस्तान बसेपर्यंत लेकरू नको असं तुला वाटत असेल, तर नागपूरला तसा एक डॉक्टर आहे म्हणतात, इथला एक जण सांगत होता. कागदाचं काम सोपं होईल.

इंदू लिहिते: "मी त्या ओळीला उत्तर दिलं नाही. बाकी सगळ्याला दिलं. पुढच्या पत्रात त्यांनीही ती ओळ लिहिली नाही. लेकराचं नाव काय ठेवायचं ते विचारलं आहे."

पत्र दोनदा वाचलं. देवमनराव वाईट माणूस नाही. एकटा आहे, परक्या गावी आहे, कोणीही काही सांगतं आणि हा तसंच लिहितो.

इंदू माझ्यापेक्षा शहाणी निघाली. मला उत्तर न देणं कधीच जमलं नाही. मनात आलं की तोंडात येतं.


२१ मे, रविवार

इंदूच्या वडिलांना जाऊन आज सहा वर्षं. ऊन फार. वेटिंगरूमचे दोन्ही माठ दुपारीच संपले. पुन्हा भरले.


११ जुलै, मंगळवार

कागद आला! शेषराव स्वतः सांगायला आले. इंदूला जायची परवानगी मिळाली. पण ३१ ऑगस्टच्या आत तिथं पोचलं पाहिजे. मार्चचा तो छातीचा फोटो तोवरच चालतो. त्या तारखेनंतर कागद रद्द.

सोबत देवमनरावांचं पत्र होतं, ते त्यांनी मला वाचायला दिलं. वेटिंगरूमच्या दारातच स्टुलावर बसून वाचलं. साधं लिहिलं आहे. ३१ तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. तोवर मूल झालेलं असेल, म्हणजे अर्ज दोघांचा. मुलाची जन्मतारीख विचारतील. ती तारीख आणि नागपूरच्या डॉक्टरचा मार्चमधला कागद एकाच फायलीत समोरासमोर येतील. त्या कागदावर 'गरोदर नाही' लिहिलं आहे. मग विचारतील, खोटं का लिहिलं? खोटं लिहिणाऱ्याचा अर्ज ते बाजूला ठेवून देतात. त्यांच्या खोलीतल्या एकाची बायको तीन वर्षं झाली, अजून गावीच आहे. त्याचं लेकरू त्याला फोटोत बघून ओळखतं.

तेव्हा आत्ताच ये, बाळंतपण इथं होईल, दवाखाने चांगले आहेत, असं लिहिलं आहे. आणि विमानाचं: सात महिने झालेल्या बाईला डॉक्टरचा दाखला लागतो. आठ झाले की दाखला असला तरी घेत नाहीत. १८ ऑगस्टची जागा मिळते आहे, त्याआधीची नाही.

शेषराव म्हणाले, "१८ ले सात अन् चार दिवस होते. बसते."

मी काही बोलले नाही. १८ ऑगस्टला आठ आणि चार दिवस होतात.

त्यांना माहीतच नाही! घरातल्या घरात त्यांनाही एक महिना कमीच सांगितलेला आहे.


१६ जुलै, रविवार

अकोला. सगळे बसलो होतो. पंखा फिरत होता. मग सगळे एकदम बोलले.

सुंदराबाईंचं म्हणणं, पाठवायचंच नाही. "पयलं बाळंतपण मायच्या घरी होते. दुनिया इकडची तिकडं झाली तरी होते. तिथं तिचे पाय कोन चेपन? शेक-शेगडी कोन करन? देवमन?"

शेषराव म्हणाले, "कागद रोज येत नसते."

"कागदाले पाय चेपता येते काय?"

"तू चूप राय न थोडी."

"मी तर चूपच रायतो. इहीणबाई, तुमी बोला. तुमचा हक आहे. लेक तुमची, बाळंतपन तुमचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी ख्याती अशी की मी तोंडावर बोलते. मी म्हटलं, इंदूला विचारा.

इंदू लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मले जायचं आहे."

"अन् काही झालं त?" सुंदराबाई.

"इथं राहिली त काही होत नाही काय आत्याबाई?"

त्यावर त्या उठून आत गेल्या. भांडी वाजवली बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा हातात चहा होता आणि डोळे लाल.

निघताना इंदू मला सोडायला दारापर्यंत आली. तिचं चालणं बघितलं. पाय फाकवून, हात कमरेवर. आठवा लागला आहे. आंधळ्यालाही दिसेल. पण ज्याला सातवा सांगितला त्याला सातवाच दिसतो.


१९ जुलै, बुधवार

हे कोणाला सांगितलं नाही. आज लिहिते.

इंदू पोटात होती तेव्हा आम्ही नुकतेच बडनेऱ्याला आलो होतो. हे रेल्वेत पॉइंट्समन. सातव्या महिन्यात मी हिवरखेडला माहेरी गेले. त्याच महिन्यात यांची भुसावळला बदली झाली, तिथं खोली मिळाली. म्हणाले, बाळंतपण झालं की लगेच ये. मी म्हटलं, हो.

माझी माय म्हणाली, बाळंतीण आहे, सव्वा महिना होऊ दे. मग म्हणाली, लेकरू कच्चं आहे. मग पावसाळा आला. मग म्हणाली, दिवाळी करून जा. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मलाच बरं वाटत होतं मायजवळ. अकरा महिने राहिले.

हे तिकडून पत्रं लिहायचे. नऊ पत्रं. मला वाचता येत नव्हतं, शाळेचे गुरुजी ओट्यावर बसून वाचायचे. सगळी आळी कान देऊन ऐकायची. त्यामुळे यांनी पत्रात काही लिहिलंच नाही. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा. नऊच्या नऊ तसलीच. परत गेल्यावर मी हट्टानं वाचायला शिकले — स्टेशनच्या पाट्यांवरून, गाडीत राहिलेल्या वर्तमानपत्रांवरून. पुन्हा कधी कोणी आमचं पत्र वाचू नये म्हणून. पण नंतर आम्ही कधी लांब राहिलोच नाही, पत्र यायचं कारण उरलं नाही.

सतरा वर्षांचा संसार झाला. त्यातून ते अकरा महिने वजा करायचे. हे गेले तेव्हा मी हाच हिशेब केला, रडायच्या आधी. अजून करते. असं नाही की फार दुःख होतं. जेवतानाही होतो तो हिशेब, झाडतानाही होतो.

आता इंदू राहिली तर किती महिने? तिथं एक जण तीन वर्षं बसला आहे.

आणि हेही खरं लिहायला पाहिजे. ती राहावी असं मला वाटतं. फार वाटतं. ती गेली की माझं इथं कोणी नाही.


२४ जुलै

मी एक शब्द बोलायचा. "आठवा आहे." संपलं. विमान नाही, कागद नाही. लेक माझ्या खोलीत बाळंत होईल. सुंदराबाई माझे पाय धरतील. आणि बोललेलं खरंच असेल!


३० जुलै, रविवार

इंदू दहा दिवसांसाठी आली आहे. शेषराव पोचवून गेले.

रेल्वेची एक खोली आणि पडवी. तिला खाटेवर झोपवलं, मी खाली. कोणीतरी वेटिंगरूममध्ये विसरलेलं भूगोलाचं पुस्तक माझ्याकडे आहे, त्यात कॅनडाचं पान आहे. गहू, लाकूड, बर्फ. तिला दाखवलं. ती म्हणाली, "माय, बर्फात पान्याचं भांडं बाहेर ठेवलं त गोटा होते म्हने." मी म्हटलं, मग माठ लागणार नाही. हसली. हसताना पोट धरलं.

मग मीच काढलं. म्हटलं, इंदे, महिना कोणता?

"तुले माहीत नाही काय?"

मला आहे. तुझ्या सासूला आहे का?

"आत्याबाईनं इतक्या लोकाले सांगितलं का आता तिलेच खरा वाटून राहिला. परवा मले म्हने, सातव्यात इतकं थकून नाही राहायचं."

तुझ्या नवऱ्याला?

मग म्हणाली, "त्याइले पन कमीच लिवला. आत्याबाई बाजूले बसून पत्र सांगे, दुसरं काय लिवनार? मंग बदलता नाही आलं."

म्हणजे आम्हा तिघींनाच माहीत, आणि तिघींतली एक विसरली आहे.

मी म्हटलं, चौदा तारखेला आठ सरतात. अठराचं विमान आहे. वाटेत काही झालं तर?

"तू मोजू नको न माय."

मी दुसरं काय करते आयुष्यभर?

कूस बदलून म्हणाली, "नागपूरले मी खाली पाहत राहिली. एकडाव 'आहे' म्हटलं असतं त हे सगडं झालंच नसतं. आता आखरीले तरी माह्या मनानं करू दे. डॉक्टरनं विचारलं त तू काही बोलू नको. तू खोटं बोलू नको. पन काही बोलू नको."

मी म्हटलं, बघू.


४ ऑगस्ट, शुक्रवार

अमरावतीला गेलो. एक डॉक्टरीणबाई आहेत, चष्मा, केस पांढरे, बोलणं पुण्याकडचं. त्यांच्या दाखल्याला विमानवाले मानतात असं शेषराव म्हणाले होते.

इंदूला तपासलं. अकोल्याचं कार्ड बघितलं. पुन्हा पोटाला हात लावला. टेप लावली. कार्ड पुन्हा बघितलं.

"चौदा जानेवारी?"

इंदू म्हणाली, "हो."

"नवरा कधी गेला?"

"चार फेब्रुवारीले."

त्यांनी बोटांवर मोजलं. "जमतं तसं. पण हे पोट सात महिन्यांचं दिसत नाही."

इंदू म्हणाली, "आमच्या इथं सगळी लेकरं मोठीच होते."

डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मला थांबवलं. दार लावलं.

"तुम्ही आई ना? काय करता?"

म्हटलं, बडनेऱ्याला वेटिंगरूमची आया आहे.

"म्हणजे रोज शंभर बायका बघता. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. खरं सांगा. मी तुमच्या शब्दावर लिहीन. विमानात कळा आल्या तर तिथं ना दाई, ना गरम पाणी. तारीख बरोबर आहे?"

इंदूनं सांगितलं होतं, काही बोलू नको. पण त्या बाईनं न बोलायची जागाच ठेवली नाही. माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, बरोबर आहे.

"सातवा?"

सातवा.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लिहिलं. सही केली. शिक्का मारला. कागद देताना म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलणाऱ्या बाई वाटत नाही."

दारातून बाहेर आले, कागद पिशवीत घातला. इंदूनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, भरपूर पाणी पी म्हणाली.


५ ऑगस्ट

जेवले नाही. इंदूला वाटू नये म्हणून ताटावर बसले.

असं का बोलले, ते मलाच नीट मांडून बघते. खरं बोलले असते तर लेकराचा जीव जपला गेला असता. हे तर कोणीही सांगेल. पण ते खरं माझ्या तोंडातून माझ्यासाठी निघालं असतं. इंदू घरी राहावी म्हणून. आणि मी जन्मभर म्हणाले असते, मी तर खरंच बोलले! खऱ्याच्या आड लपले असते.

आणि खोटं बोलले तर? तेही काही पुण्य नाही. काही वाईट झालं तर ती सही माझी.

माझ्या मायनं मला ठेवून घेतलं तेव्हा तीही खरंच बोलत होती. बाळंतीण होतेच मी. लेकरू कच्चं होतंच. पावसाळा होताच.

काय बरोबर ते समजलं नाही. झालं ते झालं. उद्यापासून नीट जेवायचं.


७ ऑगस्ट

इंदूला मुगाचं वरण आवडतं. दोन्ही वेळा केलं.


१२ ऑगस्ट, शनिवार

अकोल्याला बांधाबांध. सुंदराबाईंनी आता हार मानली आहे आणि हार मानल्यावर दुप्पट कामाला लागल्या आहेत. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, बाळाची सात टोपडी, जुन्या लुगड्यांचे लंगोट. लंगोट इतके की शेषराव म्हणाले, "अवं, कॅनडात फडके नसते काय?"

"असन. पन धुऊन धुऊन नरम झालेले असन काय?"

लंगोट परत ट्रंकेत गेले.

मग सुंदराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "इहीणबाई, अजून दोन महिने आहेत बाप्पा. तवर देवमन शिकन लेकरू धराले. दिवाळीच्या थोडं आधी होईन, नाही?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खेळत नव्हत्या. खरंच विसरल्या आहेत. नजरेला फसवता फसवता स्वतःच फसल्या.

म्हटलं, होईल तेव्हा होईल.

तर माझा हात धरला. "तुमी मोठ्या मनाच्या. मी असती त नसतं सोडलं."

हे सगळ्यात अवघड गेलं.


१६ ऑगस्ट, बुधवार

रजा काढून अकोल्याला गेले होते. इंदू आणि शेषराव मुंबईच्या गाडीनं गेले.

फलाटावर दोन ट्रंका, एक पिशवी, सुंदराबाईंनी दिलेली उशी. इंदूनं निळं लुगडं नेसलं होतं, सैलसर, वरून शाल. या दिवसांत शाल! घामानं न्हाली होती. पण पोट झाकलं जात होतं.

गाडी फलाटाला लागली तेव्हा ती वाकायला लागली, पाया पडायला. मी धरलं. म्हटलं, वाकू नको. सहा वर्षं स्टेशनात काढली, रोज बायका बायकांना पोचवताना बघते. कोणी मोठं काही बोलत नाही. पाणी घेतलं का, पदर सांभाळ, खिडकीशी बस. मीही तेच म्हटलं.

ती म्हणाली, "माय, पत्र मी तुलेच लिवीन. बंद पाकिटात."

गाडी गेली. सुंदराबाई रडल्या. त्यांना घरी पोचवलं, भात टाकून दिला, मग मी परतीची पॅसेंजर धरली.


१९ ऑगस्ट, शनिवार

शेषरावांची तार, मुंबईहून. काल विमान गेलं. दाखला बघितला, काही विचारलं नाही.

गोदाबाईला पेढे दिले. ती म्हणाली, "इतक्या पिठाच्या गोळ्यासारख्या पांढऱ्या काहून पडल्या? लेक परदेशात गेली, हासा न थोडं." हसले.


२० ऑगस्ट

काही नाही.

दुपारी एक बाई आली, मूर्तिजापूरची. पहिलटकरीण, सोबत दीर. बाकावर बसवलं, उशाला माझी सतरंजी दिली. तिनं विचारलं, मावशी, सांगा न, किती झाले असतील? मी म्हटलं, मला नाही कळत त्यातलं.


२१ ऑगस्ट, सोमवार

अजून काही नाही. शेषराव मुंबईहून परत आले, बडनेऱ्यापर्यंत येऊन गेले. त्यांनाही तार नाही. म्हणतात, परवाच पोचायला पाहिजे होती. उशीर होतो कधी, वाटेत लंडनला विमान बदलावं लागतं.

मग जायला निघाले आणि दारातून परत आले. म्हणाले, "चतुराबाई, एक विचारू? विमानतळावर ती जिना चढत होती, मी खालून पाहत होतो. सातवा होता न?"

मी म्हटलं, नाही. आठ सरले होते.

मास्तर आहेत, ओरडतील असं वाटलं. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "मले सांगितलं असतं त मीच थांबवली असती." मग म्हणाले, "म्हनूनच नाही सांगितलं काय?"

गेले.


२२ ऑगस्ट, मंगळवार

तार आली. इंदू बाळंत झाली. लंडनला, विमान बदलायचं होतं तिथं. मुलगी. दोघी सुखरूप.

कॅनडाला जायचा कागद मात्र एकीचाच आहे.